धरण उशाला, कोरड घशाला : रक्ताने भरलेल्या हृदयाला रक्त कमी कसे पडते?

प्रश्न : गणितशिक्षिका, कराड

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. जीवशास्त्राशी माझा संबंध बारावीनंतर सुटला, म्हणून जाणकारांकडून नीट समजून घ्यावे या हेतूने लिहीत आहे.

गेल्या महिन्यात माझ्या वडिलांची अँजिओग्राफी झाली. त्यांचे वय ७१ आहे. वर्षभर त्यांना घराजवळचा चढ चढताना छातीत जडपणा जाणवत असे आणि दोन-तीन मिनिटे थांबले की तो ओसरत असे. आम्ही सगळ्यांनी ते वयावर आणि दमणुकीवर ढकलले, याची आता फार खंत वाटते. हृदयाच्या पुढच्या बाजूने खाली उतरणाऱ्या डाव्या धमनीत ८० टक्के अडथळा निघाला, स्टेंट बसवला आणि आता ते रोज सकाळी फिरायला जातात. उपचारांबद्दल माझी काही शंका नाही. शंका हृदयाच्या रचनेबद्दल आहे आणि ती मूळची माझ्या मुलीची आहे.

डॉक्टरांनी एका कागदावर आकृती काढून आम्हाला समजावले होते की, हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडत होते. तो कागद पाहून आठवीतली मुलगी म्हणाली, “आई, आजोबांचे हृदय तर रक्तानेच भरलेले आहे ना? मग त्याला रक्त कमी कसे पडेल? आतलेच रक्त ते का वापरत नाही?” मला उत्तर देता आले नाही. सासूबाई जवळच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “धरण उशाला नि कोरड घशाला, तसेच झाले की हे.” आमच्या भागात ही म्हण कोणाला समजावून सांगावी लागत नाही. पण धरणाकाठच्या गावाला पाणी मिळत नाही तेव्हा त्याचे कारण माणसांच्या निर्णयात असते. हृदयाच्या बाबतीत ते रचनेतच कुठेतरी असले पाहिजे, आणि ते मला शोधायचे आहे.

मी माझ्या परीने विचार केला तो असा. हृदयाच्या उजव्या बाजूला शरीरातून परत आलेले, ऑक्सिजन कमी असलेले रक्त असते, म्हणून ते उपयोगाचे नाही असे मानू. पण डाव्या बाजूला फुप्फुसांतून नुकतेच आलेले, ऑक्सिजनने पूर्ण भरलेले रक्त असते आणि ते डाव्या निलयाच्या, म्हणजे रक्त बाहेर ढकलणाऱ्या खालच्या कप्प्याच्या, भिंतीला आतून थेट लागून असते. सबंध शरीरात याहून चांगले रक्त कुठे मिळणार नाही. तरीही तेच रक्त आधी महाधमनीत ढकलायचे आणि मग बाहेरून वळसा घालून बारीक धमन्यांनी त्याच भिंतीत परत आणायचे, ही व्यवस्था का? दुसरे असे की ८० टक्के वाट बंद असताना बसल्या जागी वडिलांना काहीच त्रास कसा होत नव्हता? मुलीला सांगता येईल असे, पण सोपे करताना चुकीचे न होणारे उत्तर हवे आहे.

उत्तर : शरीरक्रियाशास्त्राचा अध्यापक

ताई, आपल्या मुलीचा प्रश्न मी वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी विचारतो, आणि बहुतेक जण आपण केला तसाच विचार करून तिथेच अडतात. आपण गणित शिकवता, म्हणून अंतरापासूनच सुरुवात करतो.

रक्तातला ऑक्सिजन पेशीपर्यंत पोहोचतो तो कोणी ढकलून नेल्यामुळे नव्हे, तर जिथे जास्त आहे तिथून कमी असलेल्या जागी आपोआप पसरत गेल्यामुळे. या पसरण्याचा नियम असा आहे की लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १० मायक्रोमीटर, म्हणजे साधारण एका पेशीच्या जाडीएवढे अंतर, ऑक्सिजन सेकंदाच्या सुमारे चाळिसाव्या भागात पार करतो. डाव्या निलयाची भिंत सुमारे १ सेंटीमीटर जाड असते. अंतर १००० पट झाले, म्हणजे वेळ १० लाख पट झाला. हिशेब केला तर जवळपास सात तास होतात. शिवाय वाटेतली प्रत्येक पेशी आपल्या वाट्याचा ऑक्सिजन काढून घेत असते, त्यामुळे सात तासांनीसुद्धा पलीकडच्या पेशीला काही मिळणार नाही. प्रत्यक्षात आतल्या पोकळीतल्या रक्तावर जगू शकतो तो भिंतीचा अगदी आतला पापुद्राच, एक मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा किंवा त्याहून थोडा अधिक. म्हणजे आपल्या मुलीचे म्हणणे खरे आहे, पण ते भिंतीच्या शंभराव्या भागापुरतेच.

उरलेल्या नव्व्याण्णव भागांसाठी रक्तच पेशीच्या दारात न्यावे लागते. हृदयाच्या स्नायूत केशवाहिन्यांची इतकी दाट वीण असते की जवळजवळ प्रत्येक स्नायुतंतूला स्वतःची एक केशवाहिनी लाभते. आडव्या छेदात एका चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे ३००० केशवाहिन्या मोजता येतात. यावरून दोन केशवाहिन्यांमधले सरासरी अंतर आपणच काढून पाहा. ते १८ मायक्रोमीटरच्या आसपास येईल. म्हणजे कोणत्याही पेशीपासून रक्त दहा-बारा मायक्रोमीटरहून दूर नसते. हे जाळे भरणाऱ्या दोन मुख्य वाहिन्या म्हणजे डावी आणि उजवी कॉरोनरी धमनी. महाधमनी निलयातून बाहेर पडते तिथे एक झडप असते आणि त्या झडपेच्या अगदी वर, महाधमनीच्या पहिल्याच फुगवट्यातून या दोघी निघतात. शरीराला रक्त वाटणाऱ्या सगळ्या शाखांत त्या पहिल्या आहेत. हृदय आपला वाटा सर्वांत आधी उचलते, पण उचलते ते बाहेरूनच.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग सांगतो, कारण पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत तो दिसत नाही. डावा निलय आकुंचन पावतो तेव्हा त्याच्या आतला दाब पाऱ्याच्या सुमारे १२० मिलिमीटरपर्यंत चढतो, आणि त्याच क्षणी भिंतीतला स्नायू स्वतःच्याच पोटातल्या बारीक वाहिन्यांना आवळून धरतो. पाण्याने भरलेली रबरी नळी मुठीत दाबावी तसे ते होते. त्यामुळे शरीराच्या प्रत्येक अवयवाला ज्या क्षणी रक्ताचा लोंढा मिळतो, नेमक्या त्याच क्षणी हृदयाच्या स्नायूचा स्वतःचा पुरवठा थांबतो. मग निलय सैल पडतो, आतला दाब १० च्या खाली उतरतो, महाधमनीची झडप मिटते, आणि मघाशी ताणली गेलेली महाधमनीची लवचीक भिंत आत ओढली जाऊन रक्त दाबून धरते. त्या वेळी महाधमनीत अजून ८० मिलिमीटरच्या आसपास दाब शिल्लक असतो. तोच दाब आता कॉरोनरी धमन्यांतून रक्त हृदयाच्या भिंतीत ढकलतो. शरीराला घास भरवताना हृदय उपाशी असते. स्वतः जेवते ते विसाव्याच्या क्षणी.

आकडे सांगायचे तर प्रौढ माणसाचे हृदय सुमारे ३०० ग्रॅमचे, शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याएवढे. ते एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर आणि मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. त्यातले २५० मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे ५ टक्के, ते स्वतःसाठी घेते. वजनाच्या मानाने हा दहापट वाटा झाला. इतके मिळूनही त्याची चैन नाही, कारण शरीरातले इतर अवयव विश्रांतीत असताना रक्तातला सरासरी चौथा हिस्सा ऑक्सिजन घेतात आणि बाकीचा गरजेपुरता राखून परत पाठवतात, तर हृदय बसल्या जागीच सुमारे तीन-चतुर्थांश काढून घेते. मेहनतीच्या वेळी पायाचा स्नायू त्याच रक्तातून अधिक ऑक्सिजन पिळून काढू शकतो. हृदयाला ती सोय जवळपास उरलेलीच नसते. त्याला अधिक रक्तच लागते, आणि निरोगी हृदयात हा प्रवाह चार-पाच पटींपर्यंत वाढतो.

आपल्या वडिलांच्या त्रासाचे उत्तर इथेच आहे. अँजिओग्राफीतला ८० टक्के हा आकडा बहुधा व्यासाचा असतो. व्यास पाचव्या भागावर आला तर वाहिनीचे क्षेत्रफळ किती उरते हे आपल्याला सांगायला नको : अवघे ४ टक्के. तरीही बसल्या जागी त्रास होत नाही, कारण अडथळ्याच्या पुढच्या बारीक धमन्या सैल होऊन प्रवाहाचा विरोध कमी करतात आणि रक्त ओढून घेतात. म्हणजे चढावर वापरायची राखीव शक्ती वडिलांचे हृदय खुर्चीत बसल्या बसल्याच खर्च करत होते. चढ लागल्यावर गरज वाढली, पण सैल व्हायला पुढे काही उरलेच नव्हते. तो जडपणा या तुटीचा होता, म्हणून तो थांबल्यावर ओसरत असे. आपण तो दमणुकीवर ढकललात यात नवल नाही. या दुखण्याचा स्वभावच फसवा आहे. पण हे वाचणाऱ्या इतरांनी मात्र चढावर येणारा आणि थांबल्यावर जाणारा असा जडपणा लगेच डॉक्टरांच्या कानावर घालावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

उत्तर : प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी, कोल्हापूर

सरांच्या उत्तराला पूरक म्हणून लिहिते. आपल्या मुलीला जी व्यवस्था अपेक्षित आहे ती निसर्गात खरोखर आहे, पण ती आपल्यात नसून बेडकात आहे. बेडकाच्या निलयाची भिंत माणसासारखी घट्ट, भरीव नसते. ती स्पंजासारखी असते. स्नायूंच्या बारीक दोऱ्यांची जाळी आणि त्या जाळीच्या खाचाखोचांत शिरलेले पोकळीतलेच रक्त. कोणताही तंतू रक्तापासून फार दूर नसल्यामुळे बेडकाच्या निलयाला वेगळ्या कॉरोनरी धमन्यांची गरज पडत नाही. अनेक माशांची हृदयेही याच पद्धतीची असतात. मात्र जे मासे दूरवर आणि वेगाने पोहतात, उदाहरणार्थ आपल्या किनाऱ्यावर ज्याला कुपा म्हणतात तो ट्यूना, त्यांच्या स्पंजासारख्या थराबाहेर भरीव स्नायूचा एक जाड थर असतो आणि त्या थराला स्वतंत्र धमन्या असतात. स्पंज पिळून फार मोठा दाब निर्माण करता येत नाही. त्यासाठी भरीव भिंत लागते, आणि भिंत भरीव झाली की आतले रक्त तिला पुरत नाही.

मला स्वतःला विशेष वाटते ते हे की आपण प्रत्येक जण या अवस्थेतून गेलेलो आहोत. गर्भाचे हृदय चौथ्या आठवड्यात धडधडू लागते तेव्हा त्याला कॉरोनरी धमन्या नसतात. भिंत पातळ आणि पुढे काही काळ स्पंजासारखी असते, आणि ती आतल्या रक्तावरच जगते. त्यानंतर ती हळूहळू घट्ट होत जाते आणि त्याच सुमारास धमन्यांचे जाळे तयार होऊन महाधमनीला जोडले जाते. क्वचित एखाद्या माणसात हे घट्ट होणे अपुरे राहते आणि मोठेपणी इकोच्या तपासणीत डाव्या निलयाची जाळीदार भिंत दिसून येते.

आणखी एक. हा प्रश्न मुलीने विचारला म्हणून लहान समजू नये. इब्न सीनासारख्या थोर वैद्याचे मत असे होते की हृदयाच्या उजव्या बाजूतले रक्त हृदयाच्या पोषणासाठी असते. तेराव्या शतकात दमास्कसजवळ जन्मलेल्या आणि पुढे कैरोत वैद्यकी केलेल्या इब्न अल-नफीस यांनी इब्न सीनाच्या ग्रंथावर भाष्य लिहिताना हे मत स्पष्टपणे खोडून काढले आणि हृदयाचे पोषण त्याच्या अंगात पसरलेल्या वाहिन्यांतून होते, असे लिहून ठेवले. फुप्फुसांतून रक्त कसे फिरते हेही त्यांनी त्याच भाष्यात सांगितले होते. हे हस्तलिखित १९२४ मध्ये बर्लिनमध्ये पुन्हा अभ्यासकांच्या नजरेस आले. विल्यम हार्वे यांचा रक्ताभिसरणावरचा ग्रंथ १६२८ चा, म्हणजे हे भाष्य त्याच्या जवळपास चारशे वर्षे आधीचे.

उत्तर : कॅथलॅब तंत्रज्ञ, पुणे

मी गेली अठरा वर्षे कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी होते आणि स्टेंट बसवतात त्या विभागात, काम करतो. अध्यापक सरांनी जे लिहिले ते आम्ही पडद्यावर डोळ्यांनी पाहतो, म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. मोठ्या कॉरोनरी धमन्या हृदयाच्या पृष्ठभागावरून, चरबीच्या थरातून जातात, म्हणून आकुंचनात त्या स्वतः फारशा दबत नाहीत. दबते ते आत शिरलेले बारीक जाळे. पण काही माणसांत डाव्या पुढच्या धमनीचा एखादा तुकडा स्नायूत बुडून पुढे पुन्हा वर येतो. अशा रुग्णाच्या धमनीत आम्ही रंगद्रव्य सोडले की तो तुकडा प्रत्येक ठोक्याला चिमटीत धरल्यासारखा बारीक होतो आणि हृदय सैल पडताच पुन्हा पूर्ण भरतो. स्नायू आपल्याच वाहिनीला कसा आवळतो हे याहून स्पष्ट कुठे दिसणार नाही. बहुतेकांना याचा काही त्रास नसतो, कारण मुख्य पुरवठा सैल पडण्याच्या काळात होतो आणि तेव्हा वाट मोकळी असते.

हृदय फार दुबळे झालेल्या काही रुग्णांच्या महाधमनीत आम्ही नळीच्या टोकावरचा लांबट फुगा बसवतो. तो हृदय सैल पडल्याबरोबर फुगतो आणि आकुंचनाच्या तोंडावर मिटतो. फुगताना तो महाधमनीतला दाब वाढवून कॉरोनरी धमन्यांत अधिक रक्त लोटतो, आणि मिटताना हृदयापुढचा विरोध हलका करतो. या यंत्राची सगळी करामत वेळ साधण्यात आहे. फुगा चुकीच्या क्षणी फुगला तर फायद्याऐवजी अपाय होतो, म्हणून आम्ही पडद्यावरचा दाबाचा आलेख डोळ्यांत तेल घालून पाहत असतो.

सरांना एक नम्र सूचना. आकुंचनात पुरवठा थांबतो हे विधान डाव्या निलयाच्या आतल्या थरांना लागू पडते. उजव्या बाजूचे चित्र वेगळे असते ना?

उत्तर : शरीरक्रियाशास्त्राचा अध्यापक

आपली दुरुस्ती अगदी योग्य आहे आणि ती मी मान्य करतो. उजव्या निलयाला रक्त फक्त शेजारच्या फुप्फुसांत पोहोचवायचे असते, त्यामुळे त्याची भिंत पातळ आणि आकुंचनातला दाब २५ मिलिमीटरच्या आसपास असतो. महाधमनीतल्या १२० पुढे तो काहीच नाही, म्हणून उजव्या निलयाच्या भिंतीत आकुंचन आणि विसावा अशा दोन्ही काळांत रक्त वाहत राहते. डाव्या निलयातही बाहेरच्या थरांत आकुंचनाच्या वेळी थोडा प्रवाह चालू असतो. खरा उपास घडतो तो आतल्या थरांना, आणि म्हणूनच पुरवठा कमी पडला की हानीची सुरुवात बहुधा तिथून होते. पोकळीतल्या रक्ताच्या सर्वांत जवळचा स्नायूच सर्वांत आधी तहानेने व्याकूळ होतो. सासूबाईंची म्हण त्या थराला अक्षरशः लागू पडते.

प्रश्नकर्तीची भर : गणितशिक्षिका, कराड

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मनापासून आभार. रात्री मुलीसह हे सगळे वाचले आणि अंतराच्या वर्गाचा हिशेब आम्ही दोघींनी वहीत करून पाहिला. आता दोन गोष्टी विचारते.

वडिलांना नाडी संथ करणारी गोळी सुरू आहे. मला आजवर वाटत होते की हृदयाला रक्त कमी पडत असेल तर ते जलद चालायला हवे. पण हृदय विसाव्यात जेवत असेल, तर नाडी संथ केल्याने जेवणाचा वेळ वाढतो, असा याचा अर्थ आहे का? एका पुस्तकात मला असे आकडे मिळाले : मिनिटाला ७५ ठोके असताना एका फेऱ्याचे ०.८० सेकंद, त्यात आकुंचन ०.२७ आणि विसावा ०.५३; मिनिटाला २०० ठोके असताना फेरा ०.३० सेकंदांचा, आकुंचन ०.१६ आणि विसावा ०.१४. यावरून दर मिनिटाचा एकूण विसावा पहिल्या बाबतीत सुमारे ४० सेकंद आणि दुसऱ्या बाबतीत २८ सेकंद येतो. म्हणजे काम कितीतरी वाढलेले असताना जेवणाची वेळ बारा सेकंदांनी घटते. हिशेब बरोबर आहे का?

दुसरा प्रश्न पुन्हा मुलीचा. बेडकाचे वाचून ती म्हणाली, “मग ज्यांच्या धमन्या बंद झाल्या आहेत त्यांच्या हृदयाला आतून बारीक भोके पाडून बेडकासारखे का करत नाहीत?”

उत्तर : परळला शिकलेला एक डॉक्टर

आपला हिशेब बरोबर आहे. ठोके वाढतात तेव्हा आकुंचनाचा काळ थोडाच आखडतो. काटछाट होते ती मुख्यतः विसाव्याची. संथ करणाऱ्या गोळ्या दोन्ही बाजूंनी मदत करतात : ठोके आणि आकुंचनाचा जोर कमी करून गरज घटवतात, आणि विसावा लांबवून पुरवठ्याला वेळ देतात. जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात या वर्गातले प्रोप्रॅनोलॉल हे औषध विकसित केले ते हृदयाची ऑक्सिजनची गरज कमी करण्याचाच विचार धरून, आणि १९८८ च्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. इतकेच सांगतो की ही गोळी मनाने बंद करू नये. ती अचानक थांबवल्यास नाडी आणि छातीतले दुखणे एकदम उसळू शकते.

मुलीचा दुसरा प्रश्न वाचून मी क्षणभर थांबलो, कारण तिने सुचवलेला प्रयोग मुंबईतच झालेला आहे. परळच्या केईएम रुग्णालयातले शल्यविशारद डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच विचार केला. त्यांच्यासमोर बेडूक नव्हता, सर्पाचे हृदय होते. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या निलयातही रक्त पोकळीतून थेट जाळीदार भिंतीत झिरपते. त्यांनी कुत्र्यांच्या डाव्या निलयाच्या भिंतीला सुईने अनेक बारीक छिद्रे पाडली आणि मग धमनी बांधली असता स्नायू वाचतो का, हे तपासले. १९६५ मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. कॉरोनरी बायपास अजून रुळलेली नव्हती, आणि अँजिओप्लास्टीला बारा वर्षे अवकाश होता. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी पहिली अँजिओप्लास्टी झुरिकमध्ये केली ती सप्टेंबर १९७७ मध्ये. हेच डॉ. सेन पुढे फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातले पहिले हृदयप्रत्यारोपण करणारे शल्यविशारद म्हणून ओळखले गेले. त्या शस्त्रक्रियेची आठवण पुष्कळांना आहे, पण सुईच्या छिद्रांचा हा विचार माझ्या मते त्यांच्या बुद्धीची झेप अधिक दाखवतो, आणि त्याबद्दल मराठीत फारच कमी लिहिले जाते.

सुईची छिद्रे टिकत नाहीत, जखम भरावी तशी ती भरून येतात, म्हणून पुढे लेसरने छिद्रे पाडण्याचे तंत्र आले. ज्यांच्यावर बायपास किंवा अँजिओप्लास्टी शक्य नाही अशा रुग्णांसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९८ मध्ये या तंत्राला मान्यता दिली. अनेक रुग्णांचे छातीतले दुखणे कमी झाले. पण मृत्यूनंतरच्या तपासण्यांत बरीच छिद्रे बुजलेली आढळली, म्हणजे आराम पडला तो आतले रक्त भिंतीत शिरल्यामुळे नव्हता. चेतातंतू जळल्याने वेदना कमी झाली, जखमेभोवती नव्या बारीक वाहिन्या फुटल्या, की उपचार झाल्याच्या विश्वासाने बरे वाटले, यावर वाद झाले. पायातून नळी घालून आतल्या बाजूने लेसर वापरण्याच्या एका प्रयोगात काही रुग्णांवर, त्यांना कळू न देता, केवळ लुटुपुटीची प्रक्रिया केली गेली, आणि दोन्ही गटांना सारखाच आराम पडला.

याचे मूळ कारण वर सरांनी सांगितलेल्या दाबातच आहे. बेडकाच्या निलयात जाळी जन्मापासून असते. आपल्या भरीव भिंतीत छिद्र पाडले, तरी आकुंचनाच्या वेळी आत रक्त ढकलणारा दाब आणि छिद्र आवळणारा स्नायूचा दाब जवळपास सारखेच असतात, आणि विसाव्याच्या वेळी पोकळीत दाब इतका कमी असतो की रक्त भिंतीत शिरायला जोरच उरत नाही. महाधमनीला तो जोर असतो, कारण तिच्यापाशी मिटणारी झडप आणि लवचीक भिंत आहे. बाहेरून वळसा का, या आपल्या पहिल्या प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग हा आहे : रक्त त्या वळणावर महाधमनीत जाते तेव्हा त्याला विसाव्यातही टिकणारा दाब मिळतो, जो निलयात राहून मिळाला नसता.

प्रश्नकर्तीची भर : गणितशिक्षिका, कराड

हे शेवटचे वाक्य मी मुलीला दोनदा वाचून दाखवले. तिने आजोबांच्या त्याच कागदावर महाधमनीची झडप लाल पेनाने काढली आणि बाणांनी वळसा दाखवला. आजोबांनीही तो कागद नीट पाहून घेतला. तिची एकच शंका उरली आहे : भिंतीत वाटले गेलेले हे रक्त वापरून झाल्यावर कुठे जाते?

उत्तर : शरीरक्रियाशास्त्राचा अध्यापक

ते बारीक शिरांतून गोळा होत हृदयाच्या मागच्या बाजूला एका आखूड, रुंद शिरेत येते आणि तिथून थेट उजव्या अलिंदात, म्हणजे हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात, पडते. शरीरातल्या रक्ताच्या सगळ्या फेऱ्यांत हा सर्वांत आखूड फेरा आहे. त्या शिरेतले रक्त इतर कोणत्याही मोठ्या शिरेतल्या रक्तापेक्षा अधिक काळसर असते. शरीरातून परतणाऱ्या मिश्र रक्तात ऑक्सिजनची पातळी ७५ टक्क्यांच्या आसपास असते, तर इथे ती सुमारे ३० टक्के.

पण सगळेच रक्त त्या वाटेने जात नाही. थोडे रक्त भिंतीतल्या अतिसूक्ष्म शिरांतून सरळ आतल्या पोकळ्यांत उतरते. या शिरांचे वर्णन थेबेसियस यांनी १७०८ मध्ये केले, म्हणून त्या त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. काही उजव्या बाजूला उघडतात, तर थोड्या डाव्या निलयातही उघडतात, आणि तिथल्या ताज्या रक्तात आपले वापरलेले रक्त किंचित मिसळतात. तेव्हा मुलीला सांगा की भिंत आणि पोकळी यांच्यामध्ये ती शोधत होती तशा थेट वाटा खरोखर आहेत; फक्त त्यांतून रक्त भिंतीत येत नाही, भिंतीतून बाहेर पडते.